ब्रँको झेबेक : शिस्त आणि शोकांतिका

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली आणि आपण दहा विरुद्ध एक असे हरलो. आपल्याकडे हा सामना आठवला जातो तो अनवाणी पायांमुळे. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील आपले बहुतेक खेळाडू बूट न घालताच मैदानात उतरले होते आणि या पराभवानंतर भारतात बूट सक्तीचे झाले, एवढे फुटबॉलच्या शौकिनाला ठाऊक असते. पण ते दहा गोल केले कोणी, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी तो शोध घेतला तेव्हा एक नाव पुढे आले. त्या दहांपैकी चार गोल एकट्या ब्रँको झेबेकचे होते. पुढे त्याच्या आयुष्याची हकीकत वाचत गेलो आणि त्या चार गोलांपेक्षा कितीतरी मोठे व तितकेच दुःखद असे काही हाती लागले. तेच येथे सांगायचे आहे.

झेबेकचा जन्म १७ मे १९२९ रोजी झाग्रेब येथे झाला. आज हे शहर स्वतंत्र क्रोएशियाची राजधानी आहे. झेबेकच्या हयातीत मात्र ते बहुतेक काळ युगोस्लाव्हियात होते. १९५१ मध्ये तो बेलग्रेडच्या पार्टिझान संघात दाखल झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघातही आला. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे पुस्कासच्या हंगेरीने त्यांना दोन गोलांनी हरवले, पण स्पर्धेतील सर्वाधिक, म्हणजे सात गोलांचा मान झेबेक आणि त्याचा सहकारी राज्को मितिच या दोघांकडे गेला. पुढच्याच वर्षी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध जो निवडक परदेशी खेळाडूंचा संघ उतरला, त्यात डाव्या बगलेवर झेबेक होता. तो सामना चार-चार असा बरोबरीत सुटला.

त्याच्या खेळातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने बदललेल्या जागा. डाव्या बगलेवरून वाऱ्यासारखा धावणारा हा आघाडीचा गडी हळूहळू मागे सरकला, मधल्या फळीत खेळला आणि शेवटी बचावाचा आधारस्तंभ झाला. १९५४ च्या विश्वचषकात त्याने ब्राझीलविरुद्ध गोल केला. १९५८ च्या विश्वचषकात तो संघाचा कर्णधार होता. दोन्ही वेळा उपान्त्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनीनेच युगोस्लाव्हियाची वाट अडवली. पार्टिझानकडून त्याने चषक जिंकले, पण साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मिळाले ते १९६० मध्ये, पार्टिझानच्या हाडवैरी असलेल्या रेड स्टार संघात गेल्यावर. देशासाठी पासष्ट सामने आणि सतरा गोल, असा त्याचा हिशेब आहे. १९६१ मध्ये तो पश्चिम जर्मनीतील आखेनच्या संघाकडून खेळण्यासाठी गेला. ज्या देशाने त्याला दोनदा हरवले, त्याच देशात त्याला पुढे खरी कीर्ती मिळायची होती. पण ती प्रशिक्षक म्हणून.

१९६८ मध्ये म्युनिकच्या बायर्न संघाने त्याला बोलावले. त्याच्या आधीचा प्रशिक्षक झ्लात्को चायकोव्स्की हाही झाग्रेबचाच, हेलसिंकीच्या संघातला त्याचा सोबती. पण दोघांचे स्वभाव म्हणजे दोन टोके. चायकोव्स्की हसतखेळत, आक्रमणाच्या धुंदीत संघ खेळवणारा. झेबेक अबोल आणि कठोर. त्याने खेळाडूंची शरीरे कमावून घेतली, गेर्ड म्युलरसारख्या गोल-बहाद्दराला वजन उतरवायला लावले आणि बचावाची घडी नीट बसवली. परिणाम पहिल्याच हंगामात दिसला. १९३२ नंतर प्रथमच बायर्न जर्मनीचे विजेते ठरले आणि त्याच वर्षी चषकही त्यांनीच जिंकला. साऱ्या साखळी हंगामात त्याने अवघे तेरा खेळाडू वापरले! बेकेनबाउअर, माइयर आणि म्युलर यांच्या ज्या बायर्नने पुढे युरोप गाजवला, त्याचा पाया असा घातला गेला.

पुढे स्टुटगार्ट, मग मायदेशी स्प्लिटचा हायडुक संघ आणि पुन्हा जर्मनीत ब्राउनश्वाइग. एकेका प्रतिस्पर्ध्याच्या मागे सावलीसारखे धावण्याऐवजी प्रत्येकाने मैदानातील आपापली जागा राखायची, ही पद्धत त्याने या छोट्या शहराच्या संघात रुजवली. १९७७ मध्ये हा संघ अजिंक्यपदापासून केवळ एका गुणाने दूर राहिला. १९७८ मध्ये हॅम्बुर्गने त्याला नेले. केव्हिन कीगन, काल्ट्झ, मागाट, ऱ्हुबेश असे खेळाडू त्याच्या हाताखाली होते. सराव इतका खडतर, की खेळाडू कुरकुरत. पण १९७९ मध्ये हॅम्बुर्गने एकोणीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. १९८० च्या एप्रिलमध्ये युरोपीय चषकाच्या उपान्त्य फेरीत माद्रिदमध्ये दोन गोलांनी हरून आलेल्या या संघाने परतीच्या सामन्यात रेआल माद्रिदचा पाच विरुद्ध एक असा फडशा पाडला.

आणि त्याच एप्रिल महिन्यात झेबेकचे गुपित जगापुढे आले. डॉर्टमुंडच्या सामन्यासाठी स्वतः मोटार चालवीत जात असताना पोलिसांनी त्याला अडवले. त्याच्या रक्तात दर हजारी सव्वातीन भाग मद्यार्क निघाला. इतक्या मद्याने माणूस शुद्ध हरपतो, कधी जीवही गमावतो. आणि हा गाडी चालवीत होता. त्यानंतर सामन्याच्या वेळी बाकावर बसलेला, भोवती काय चालले आहे याचे भान नसलेला झेबेक हजारो प्रेक्षकांनी पाहिला. जवळच्यांना हे व्यसन अर्थातच आधीपासून माहीत होते. पण संघ जिंकत होता. जिंकून देणाऱ्याला कोणी काय बोलावे? त्याला सांभाळून घेतले गेले. मे महिन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टने अंतिम सामन्यात हॅम्बुर्गला एका गोलने हरवले, देशातले अजिंक्यपदही बायर्नकडे गेले, आणि डिसेंबर १९८० मध्ये झेबेकला घरचा रस्ता दाखवण्यात आला.

त्यानंतर डॉर्टमुंड, फ्रँकफर्ट आणि शेवटी पुन्हा झाग्रेब. काम मिळत राहिले, कारण त्याच्या ज्ञानाविषयी कोणालाच शंका नव्हती; पण कोठेच तो फार काळ टिकला नाही. १९८३ मध्ये हॅम्बुर्गने अथेन्समध्ये युव्हेंटसला हरवून युरोपीय चषक जिंकला. तो मागाटच्या गोलने. काल्ट्झ आणि ऱ्हुबेशही त्या संघात होते. बाकावर मात्र आता एर्न्स्ट हाप्पेल होता. २६ सप्टेंबर १९८८ रोजी झाग्रेबमध्येच झेबेकचा मृत्यू झाला. तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता.

या आयुष्याचा विचार करताना मला राहून राहून एक प्रश्न पडतो. दुसऱ्याच्या वजनाचा, दमाचा, पावलापावलाचा हिशेब ठेवणारा हा माणूस स्वतःच्या हाती आलेला पेला का खाली ठेवू शकला नाही? शिस्त ढोंगी होती, असे मी म्हणणार नाही. तेरा खेळाडूंत हंगाम जिंकणे ढोंगाने साधत नाही. मला वाटते, मैदानावरची शिस्त आणि व्यसनाशी झुंज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी एका खंबीर माणसाचा हुकूम पुरतो. दुसरीसाठी माणसाला आपण दुबळे झालो आहोत असे म्हणता यावे लागते आणि ते ऐकून घेणारे कोणी जवळ असावे लागते. कठोरपणासाठीच ज्याला पगार मिळत होता, त्याला हे म्हणण्याची सोय कोठे होती? आणि भोवतालच्या लोकांनी जे सांभाळले ते संघाचे गुण, माणूस नव्हे.

म्हणून झेबेकची गोष्ट मला केवळ फुटबॉलची वाटत नाही. आपल्या महाविद्यालयातही ढाली आणि चषक आणून देणारे गुणी लोक असतात. त्यांच्या पायांखालची जमीन सरकताना दिसली, तरी स्पर्धा संपेपर्यंत आपण गप्प बसतो. हेलसिंकीच्या पराभवातून आपण बूट घालायला शिकलो, हे खरेच. त्या दिवशी आपल्यावर चार गोल चढवणाऱ्या माणसाच्या पराभवातून निदान एवढे शिकता यावे, की जिंकणाऱ्या मित्रालाही वेळीच हात धरून थांबवावे.