जेम्स जेमरसन

जेम्स ली जेमरसन (जन्म : २९ जानेवारी १९३६, एडिस्टो आयलंड, साउथ कॅरोलिना, मृत्यू : २ ऑगस्ट १९८३, लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन बास गिटारवादक होते. डेट्रॉईट येथील मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या १९६० च्या दशकातील बहुसंख्य लोकप्रिय गीतांमधील बास गिटार त्यांनी वाजवली आहे. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या वीसहून अधिक गीतांत त्यांचे वादन आहे. मात्र ध्वनिमुद्रिकांवर साथीदारांची नावे छापण्याची प्रथा त्या कंपनीत नव्हती. त्यामुळे हे वादन लक्षावधी श्रोत्यांच्या कानांवर पडत असतानाही वादकाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. लोकप्रिय संगीतातील बास गिटार हे केवळ ताल आणि आधारस्वर सांभाळणारे वाद्य न राहता स्वतःची सुरावट असलेले वाद्य झाले, याचे मोठे श्रेय जेमरसन यांना दिले जाते.

बालपण आणि शिक्षण

जेमरसन यांचा जन्म चार्ल्सटन शहराजवळील एडिस्टो आयलंड या बेटावर झाला. त्यांचे वडील गोदीत कामगार होते, तर आई घरकाम करीत असे. बालपणीचा काही काळ ते आजीजवळ राहिले. आजी पियानो वाजवीत असे आणि आत्या चर्चच्या गायकवृंदात गात असे. चर्चमधील गायन, ब्लूज आणि जॅझ हे त्यांच्या कानांवर पडलेले पहिले संगीत होय.

१९५४ साली ते आईसोबत डेट्रॉईटला आले. मोटारकारखान्यांमुळे दक्षिणेकडील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात या शहरात स्थायिक होत होती. नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये शिकत असताना जेमरसन यांनी डबल बास हे उभे धरून वाजवायचे मोठे लाकडी वाद्य हाती घेतले. रे ब्राउन, पॉल चेंबर्स आणि पर्सी हीथ या जॅझ वादकांचा त्यांच्यावर प्रभाव होता. शालेय वयातच ते शहरातील क्लबांमध्ये वाजवू लागले. वेन स्टेट विद्यापीठाने संगीताच्या शिक्षणासाठी देऊ केलेली शिष्यवृत्ती त्यांनी स्वीकारली नाही. त्याऐवजी त्यांनी व्यावसायिक वादनाचा मार्ग पत्करला.

मोटाउनमधील कारकीर्द

बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली डेट्रॉईटमध्ये टॅमला ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली. तीच पुढे मोटाउन या नावाने प्रसिद्ध झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील २६४८ क्रमांकाच्या साध्या दुमजली घरात तिचे कार्यालय आणि ध्वनिमुद्रणकक्ष होता. छतावरून लोंबणाऱ्या तारांच्या जंजाळामुळे वादक या कक्षाला 'स्नेकपिट' म्हणजे सापांचा खड्डा म्हणत. १९५९ पासून जेमरसन येथे वाजवू लागले. सुरुवातीच्या काळात ते गायकांबरोबर दौऱ्यांवरही जात. १९६४ नंतर मात्र त्यांचा बहुतेक वेळ ध्वनिमुद्रणात जाऊ लागला.

कंपनीच्या कायमच्या वादकसमूहाला फंक ब्रदर्स असे नाव पडले. पियानोवादक जो हंटर आणि त्यांच्यानंतर अर्ल व्हॅन डाइक हे या समूहाचे प्रमुख होते. ड्रमवादक बेनी बेंजामिन आणि गिटारवादक रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस व जो मेसिना हे त्यातील इतर प्रमुख वादक होत. यांतील बहुतेक जण जॅझ क्लबांतून आलेले होते. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री क्लबमधील वादन असा त्यांचा दिनक्रम असे.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांच्या हाती पुष्कळदा केवळ स्वरसमूहांची नोंद असलेला कागद दिला जाई. त्या चौकटीत बासची सुरावट जेमरसन स्वतः रचीत. टेम्प्टेशन्सच्या 'माय गर्ल' या गीताचा प्रारंभ त्यांच्या साध्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरांनी होतो आणि त्यावर रॉबर्ट व्हाइट यांची गिटार येते. सुप्रीम्सचे 'यू कान्ट हरी लव्ह' (१९६६), फोर टॉप्सचे 'बर्नाडेट' (१९६७), स्टीव्ही वंडर यांचे 'आय वॉज मेड टू लव्ह हर' (१९६७) आणि मार्विन गे व टॅमी टेरेल यांचे 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' (१९६७) ही त्यांच्या वादनाची विशेष उल्लेखनीय उदाहरणे मानली जातात.

अन्य कंपन्यांसाठी वाजविण्यास मोटाउनचा विरोध असे. तरीही फंक ब्रदर्स बाहेरची कामे स्वीकारीत. जॉन ली हूकर यांचे 'बूम बूम' आणि जॅकी विल्सन यांचे शिकागो येथे ध्वनिमुद्रित झालेले 'हायर अँड हायर' (१९६७) या गीतांमध्ये जेमरसन यांचे वादन आहे.

१९६८ साली त्यांना कंपनीकडून आठवड्याला १,००० डॉलर इतके मानधन ठरवून दिले गेले. साथीच्या वादकासाठी ही रक्कम मोठी होती. तथापि गीतांच्या विक्रीवरील स्वामित्वधनात अशा वादकांचा वाटा नसे. ध्वनिमुद्रिका कितीही खपली, तरी त्यांना मिळत असे तो केवळ ठरलेला मोबदला.

'व्हॉट्स गोइंग ऑन'

मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या १९७१ च्या संग्रहाच्या वेष्टनावर मोटाउनने फंक ब्रदर्समधील वादकांची नावे छापली. जेमरसन यांचा उल्लेख त्यावर विशेष गौरवाने केला आहे. शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गे यांनी जेमरसन यांना क्लबमधून शोधून आणले. त्या वेळी मद्याच्या अमलामुळे त्यांना स्टुलावर बसता येत नव्हते, म्हणून त्यांनी जमिनीवर पाठ टेकून हा भाग वाजविला, असे सांगितले जाते. याच संग्रहातील काही गीतांमध्ये बॉब बॅबिट या दुसऱ्या वादकाने बास वाजवली आहे. जेमरसन यांचे मद्यपान वाढू लागल्यानंतर बॅबिट यांच्याकडे येणारे काम वाढत गेले.

वादनशैली

जेमरसन यांच्यापूर्वी लोकप्रिय गीतांतील बासवादक सामान्यतः स्वरसमूहाचा मूळ स्वर आणि त्याचा पंचम आलटून पालटून वाजवीत. जेमरसन यांनी या दोन स्वरांच्या मधल्या जागा भरल्या. एका मूळ स्वराकडून पुढच्या मूळ स्वराकडे जाताना ते अर्धस्वरांच्या पायऱ्या वापरीत. एका मात्रेचे चार भाग करून त्यांपैकी अनपेक्षित भागावर ते स्वर टाकीत, त्यामुळे सुरावट तालाच्या किंचित पुढे-मागे झुलत असल्याचा भास होतो. असे असूनही मुख्य ठोक्याचे भान सुटत नाही आणि गायकाचा स्वर झाकला जात नाही.

उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून ते तार छेडीत. या बोटाला 'हूक' म्हणजे आकडा असे नाव पडले होते. उरलेली बोटे ते वाद्यावरील धातूच्या झाकणावर टेकवीत. तर्जनी व मध्यमा आलटून पालटून वापरण्याची पद्धत आज बहुतेक विद्यार्थ्यांना शिकवली जाते. त्या पद्धतीने वाजविणाऱ्यांनाही जेमरसन यांचे जलद भाग अवघड वाटतात. एकाच बोटामुळे प्रत्येक आघाताचे वजन सारखे राहते, असे एक कारण सांगितले जाते. डाव्या हाताला जागा बदलण्यास उसंत मिळावी म्हणून ते मोकळ्या तारांचे स्वर मुक्तपणे वापरीत. ही सवय त्यांना डबल बासवरून लागली असावी, असे मानले जाते.

वाद्ये आणि उपकरणे

'हीट वेव्ह' (१९६३) आणि 'माय गाय' (१९६४) यांसारख्या गीतांमध्ये जेमरसन यांनी डबल बास वाजवला आहे. शाळा सोडल्यानंतर त्यांनी घेतलेले हे वाद्य जर्मन बनावटीचे होते.

विजेवर चालणारी प्रिसिजन बास ही गिटार लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणली. डबल बासला पडदे नसतात. या वाद्याला मात्र धातूचे पडदे होते. त्यामुळे स्वर नेमका लागतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. जेमरसन यांच्याकडे आलेली पहिली प्रिसिजन बास नवी नव्हती. ते १९५७ चे, काळा रंग दिलेले आणि दुसऱ्या एका बासवादकाकडून मिळालेले वाद्य होते. त्याला 'ब्लॅक ब्यूटी' असे म्हटले जाई. पुढे ते चोरीला गेले.

त्यानंतर घेतलेली १९६२ ची प्रिसिजन बास 'फंक मशीन' या नावाने ओळखली जाते. कारखान्यातून आलेल्या या वाद्यात त्यांनी कोणताही महत्त्वाचा बदल केला नव्हता. त्याच्या दांड्याच्या बुडाशी त्यांनी 'फंक' हा शब्द कोरला होता. तारा पट्टीपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या असल्यामुळे इतरांना ते वाजविणे कठीण जाई. घोडीवरील झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे. त्यामुळे स्वर लांबत नसे आणि थोडा दबलेला, गोलसर येई. आवाजाची व नादाची बटणे ते पूर्ण उघडी ठेवीत.

त्यांच्या तारा ला बेला कंपनीच्या, जाड आणि सपाट गुंडाळीच्या (फ्लॅटवाउंड) असत. तार तुटल्याखेरीज ते ती बदलीत नसत. तारांवर साचलेल्या मळामुळेच नादाला गुण येतो, अशी त्यांची धारणा होती. याच मापाचा संच आज जेमरसन यांच्या नावाने विकला जातो.

लहान क्लबमध्ये ते अँपेग बी-१५ हा ॲम्प्लिफायर वापरीत. स्टुडिओत मात्र वाद्य बहुधा थेट ध्वनिमिश्रण यंत्राला जोडले जाई. आवाजाची पातळी मुद्दाम किंचित जास्त ठेवली जात असल्याने नादाला सौम्य भरडपणा येई. मोटाउनच्या गीतांतील बासचा विशिष्ट नाद वाद्य, जुन्या तारा, ध्वनिमुद्रणाची ही पद्धत आणि वादकाचे बोट यांच्या एकत्रित परिणामातून निर्माण झाला आहे.

जुन्या वाद्यांच्या बाजारावरही या नादाचा प्रभाव आहे. फेंडर कंपनी १९६५ साली सीबीएस या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यापूर्वीची वाद्ये संग्राहक अधिक मोलाची मानतात. वापरलेली प्रिसिजन बास विकत घेताना तिचे मूळ पिकअप, रंग आणि झाकणे शाबूत आहेत की नाहीत, हे पाहिले जाते. जेमरसन यांच्या दृष्टीने मात्र १९६२ चे ते वाद्य म्हणजे रोजच्या कामाचे साधन होते.

लॉस एंजेलिस आणि अखेरची वर्षे

१९७२ साली मोटाउनने आपला कारभार डेट्रॉईटहून लॉस एंजेलिसला हलविला. अनेक वादकांना त्यामुळे काम गमवावे लागले. जेमरसन १९७३ मध्ये लॉस एंजेलिसला गेले. त्याच वर्षी कंपनीशी असलेला त्यांचा करार संपुष्टात आला. त्यानंतर त्यांनी इतर कंपन्यांसाठी वादन केले. मॅरिलिन मकू आणि बिली डेव्हिस ज्युनिअर यांच्या 'यू डोन्ट हॅव टू बी अ स्टार' (१९७६) या गीतात त्यांचे वादन आहे.

नव्या शहरात त्यांचा जम बसला नाही. या काळात बासवादनाची रीत बदलत होती. उजळ नादाच्या नव्या तारा, अंगठ्याने तार ठोकण्याचे तंत्र आणि ठरावीक आकृती पुन्हा पुन्हा वाजविणे यांना मागणी होती. जेमरसन यांनी आपल्या तारा, वाद्य आणि वादनपद्धती बदलली नाही. मद्यपानामुळे त्यांची प्रकृती ढासळली आणि कामाविषयीचा भरवसाही कमी झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे येणारे काम फारच थोडे उरले.

मोटाउनच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त २५ मार्च १९८३ रोजी पॅसाडिना येथे मोठा कार्यक्रम चित्रित झाला. जेमरसन यांना त्याचे निमंत्रण नव्हते. त्यांनी तिकीट विकत घेऊन प्रेक्षागृहाच्या मागील भागातून तो पाहिला, असे सांगितले जाते. त्याच वर्षी 'फंक मशीन' चोरीला गेले आणि ते त्यांना परत मिळाले नाही. थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्ट १९८३ रोजी, यकृताचा विकार, हृदयक्रिया मंदावणे आणि न्यूमोनिया यांमुळे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेट्रॉईटच्या वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे पुत्र जेम्स जेमरसन ज्युनिअर हेही बासवादक होते.

श्रेयाचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे नसल्यामुळे कोणत्या गीतात कोणी वाजविले, हा प्रश्न पुढे वादाचा ठरला. मोटाउनची काही ध्वनिमुद्रणे १९६० च्या दशकातच लॉस एंजेलिसमध्ये होऊ लागली होती आणि तेथे इतर वादक काम करीत. त्यामुळे काही गीतांच्या बाबतीत एकापेक्षा अधिक वादकांच्या नावे दावे केले गेले. वादकसंघटनेची कागदपत्रे, मूळ ध्वनिफिती आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांच्या आधारे अभ्यासकांनी जेमरसन यांच्या कामाची यादी तयार करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रभाव आणि सन्मान

बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांच्यासह अनेक वादकांनी जेमरसन यांचा प्रभाव मान्य केला आहे. मॅकार्टनी यांना जेमरसन यांचे वादन आवडत होते त्या काळात त्यांचे नाव माहीत नव्हते.

१९८९ साली ॲलन स्लट्स्की यांनी 'डॉ. लिक्स' या नावाने 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जेमरसन यांचे चरित्र आणि त्यांच्या बासच्या सुरावटींचे स्वरलेखन आहे. सोबतच्या ध्वनिफितींत नामवंत वादकांनी त्या सुरावटी वाजवून दाखविल्या आहेत. बास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हे पुस्तक आजही अभ्यासले जाते. त्याच नावाचा फंक ब्रदर्सवरील माहितीपट २००२ साली प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन पॉल जस्टमन यांनी केले होते.

२००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने साथीच्या वादकांसाठी नवा विभाग सुरू केला. त्यातील पहिल्या तुकडीत जेमरसन यांचा समावेश होता. २००४ साली फंक ब्रदर्सना ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. रोलिंग स्टोन नियतकालिकाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पन्नास सर्वश्रेष्ठ बासवादकांच्या यादीत जेमरसन यांना पहिले स्थान देण्यात आले.