एक अळी आणि रेचल कार्सन

लातूर-नांदेडकडे कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. परसबागेतल्या कोबीवर अळी दिसली, की सोयाबीन-कपाशीवर फवारून उरलेले हे ‘औषध’ तिथेच मारण्याचा मोह होतो. चार-आठ दिवसांत तीच भाजी घरच्यांच्या ताटात येते. अशा फवारणीचा हिशेब जगापुढे मांडला तो रेचल कार्सन यांनी.

त्यांचा जन्म १९०७ सालचा, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातला. प्राणिशास्त्रात एम.ए. करून त्या सरकारी मत्स्यखात्यात लागल्या आणि समुद्रावरच्या पुस्तकांनी नावारूपाला आल्या. त्यांना कीटकनाशकांकडे खेचणाऱ्या घटनांत एक अळी होती. १९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, झाडांची पाने फस्त करणाऱ्या जिप्सी मॉथच्या अळीसाठी सरकारने विमानातून डीडीटी फवारले. ते घरांवर पडले, परसबागांवरही पडले. दोन मैत्रिणींनी रसायनांशिवाय भाज्या पिकवल्या होत्या. त्यांतली एक आजारी होती, आणि बाग जपली होती ती तिच्या जेवणासाठीच. दोघी कोर्टात गेल्या, खटला हरल्या. पण त्या खटल्याची कागदपत्रे कार्सन यांच्या फार कामी आली.

पुस्तक अर्धवट असतानाच, १९६० मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पण विचारूनही डॉक्टरांनी खरे निदान सांगितले नाही. ते त्यांना काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. त्या काळी रुग्णापासून, त्यातही बाईपासून, कर्करोग लपवण्याची रीतच होती. रेडिएशन सोसत त्या लिहीत राहिल्या. आजाराच्या रागातून लिहिले, असे कंपन्यांनी म्हणू नये म्हणून त्यांनीही तो लोकांपासून लपवला. ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये आले. रसायन उद्योग तुटून पडला, तरी पुढच्याच वर्षी केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या म्हणण्याला बळ दिले. एप्रिल १९६४ मध्ये, ५६ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांनी सगळी कीटकनाशके बंद करा म्हटले, हा गैरसमज आहे. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पर्याय दिले, त्यांत अळ्या मारणारा ‘बीटी’ हा जिवाणू आहे. अळीने फवारलेले पान खाल्ले, की तिच्या अल्कधर्मी आतड्यात त्याचे विष मोकळे होते. माणसाच्या पोटात ते तसे काम करत नाही. बीटीची पावडर कृषी सेवा केंद्रांत मिळते. अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारावी. उन्हाने तिचा जोर जातो. वांग्याच्या शेंड्यात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र ती पोचत नाही. तिथे सुकलेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट करावा लागतो.