तुळईचे गणित मांडणारा निर्वासित

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका लेखकाची पुस्तके हमखास आढळतात. पाने पिवळी पडलेली, बांधणी सैल झालेली आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने सोडवून ठेवलेली उदाहरणे. स्थापत्य आणि यंत्र या दोन्ही शाखांच्या कित्येक पिढ्यांनी या पुस्तकांवर रात्री जागवल्या. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तर ‘तिमोशेन्को’ हे माणसाचे नाव न राहता पुस्तकाचेच नाव झाले. मात्र या नावामागचा माणूस कोण, तो कुठून आला आणि काय सोसून त्याने ही पुस्तके लिहिली, हे त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. पूल, इमारत, आगगाडी, जहाज आणि मोटार यांच्या बळकटीचे शास्त्र विद्यापीठाच्या वर्गात आणणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर मात्र वारंवार कोसळत राहिले.

स्टीफन प्रोकोफ्येविच तिमोशेन्को यांचा जन्म डिसेंबर 1878 मध्ये श्पोतोव्का या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनच्या सुमी प्रांतात आहे. वडिलांचा जन्म भूदासाच्या घरातला. 1861 मध्ये भूदासप्रथा संपुष्टात आली आणि शिकलेल्या वडिलांनी जमीन मोजणीचा व्यवसाय पत्करला. एका पिढीत दास्यातून विद्येपर्यंत आलेल्या या घरात शिक्षणाचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. रोम्नी येथील शाळेत स्टीफन शिकले. पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवणारे अब्राम योफे हे त्यांचे शाळासोबती. रेल्वेचा अभियंता व्हायचे या ओढीने तिमोशेन्को सेंट पीटर्सबर्गच्या दळणवळण अभियंता संस्थेत दाखल झाले आणि 1901 मध्ये पदवीधर झाले.

त्या काळी बांधकामाच्या बळकटीचा अभ्यास दोन वेगळ्या वाटांनी चालत असे. एकीकडे गणितज्ञ होते. घन पदार्थ भाराखाली किती वाकतो, ताणला जातो, पिळला जातो, याची अवघड समीकरणे ते मांडत. पण त्यांतली बरीच समीकरणे कारखान्यातल्या प्रश्नांपर्यंत पोहोचतच नसत. दुसरीकडे प्रत्यक्ष काम करणारे अभियंते होते. त्यांच्या हाती अनुभवाने ठरलेली कोष्टके आणि ठोकळेबाज सूत्रे असत. लाकूड आणि दगड यांच्या जाडजूड बांधकामात हे निभावून जाई. पोलाद आल्यावर मात्र पूल लांब झाले, त्यांचे भाग सडपातळ झाले, यंत्रांचा वेग वाढला आणि जुन्या कोष्टकांचा आधार अपुरा पडू लागला. या दोन वाटा एकत्र आणणे, हेच तिमोशेन्को यांचे आयुष्यभराचे कार्य ठरले.

सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये व्हिक्टर किर्पिचोव्ह यांच्या हाताखाली ते शिकवू लागले. तेथून ते जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. फेलिक्स क्लाइन यांच्यासारखा थोर गणितज्ञ तेथे अभियांत्रिकीला गणिताच्या जवळ आणू पाहत होता. लुडविग प्रांट्ल हेही तेथेच होते. उभी धरलेली अरुंद पट्टी भाराखाली एकाएकी आडवी कलंडते, या घटनेचे गणित प्रांट्ल यांनी आपल्या प्रबंधात मांडले होते. इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या पोलादी तुळईचे तसेच कलंडणे कसे मोजावे, हे तिमोशेन्को यांनी दाखवून दिले. पूल आणि कारखान्यांच्या छतांत वापरली जाणारी तुळई हीच असल्याने या उत्तराला व्यवहारात मोठी किंमत होती.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी एक फूटपट्टी पुरेशी आहे. ती टेबलावर उभी धरून वरून हळूहळू दाब दिला, तर काही वेळ ती ताठ राहते आणि मग एका क्षणी अचानक बाक घेते. पट्टी तुटलेली नसते, तिचा पदार्थही कमजोर नसतो. तिचा तोल सुटलेला असतो. पोलादी खांबाचे आणि पत्र्याचेही असेच होते. 29 ऑगस्ट 1907 रोजी कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला क्वेबेकचा पूल कोसळला आणि 75 कामगार मृत्युमुखी पडले. दाब सोसणारे त्याचे खालचे भाग बाक घेऊन निकामी झाले होते. पोलाद किती बळकट आहे, एवढेच विचारून भागत नाही. दाबाखाली ते कोणत्या क्षणी बाक घेईल, हेही विचारावे लागते, हा धडा त्या दुर्घटनेने साऱ्या जगाला दिला.

त्याच सुमारास कीव्हच्या पॉलिटेक्निक संस्थेत तरुण प्राध्यापक तिमोशेन्को याच प्रश्नावर काम करत होते. 1906 मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना तेथील अध्यासन मिळाले होते. प्रत्येक रचनेचे अचूक समीकरण सोडवत बसणे शक्य नसते, हे त्यांनी ओळखले. रचना बाक घेईल तेव्हा तिचा आकार अंदाजे कसा असेल हे आधी गृहीत धरायचे आणि मग तिच्यात साठणाऱ्या ऊर्जेचा हिशेब करून धोक्याचा भार काढायचा, ही पद्धत त्यांनी विकसित केली. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांनी कंपनांसाठी वापरलेली कल्पना त्यांनी अशी बांधकामाच्या स्थैर्याकडे वळवली. उत्तर थोडे ढोबळ येई, पण ते हाती येई आणि व्यवहारासाठी पुरेसे असे. अभियंत्याला नेमके हेच हवे होते.

1911 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन तऱ्हांनी निर्णायक ठरले. झारच्या सरकारातील शिक्षणमंत्री कासो यांनी विद्यापीठांच्या कारभारात हस्तक्षेप चालवला होता. त्याविरुद्धच्या निषेधात तिमोशेन्को सहभागी झाले. विभागाचे अधिष्ठाता असलेल्या या प्राध्यापकाला गप्प बसून पद राखता आले असते. त्यांनी तसे केले नाही आणि त्यांना बडतर्फ करण्यात आले. पदरी पत्नी आणि मुले, हाती नियमित पगार नाही, अशी स्थिती झाली. त्याच वर्षी स्थैर्यविषयक संशोधनाबद्दल त्यांना झुराव्स्की पारितोषिक मिळाले आणि त्या रकमेने संसाराला हात दिला. सरकारने ज्याला नालायक ठरवून घालवले, त्याच्या विद्वत्तेचा गौरव त्याच देशातील अभियंत्यांच्या संस्थेने करावा, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

पुढची काही वर्षे सेंट पीटर्सबर्गमध्ये आधी व्याख्यानांवर आणि मग प्राध्यापकपदावर गेली. नव्या युद्धनौकांच्या बांधणीत पोलादी पत्रे किती जाड असावेत, त्यांना आधाराच्या पट्ट्या किती अंतरावर असाव्यात, याविषयी नौदल त्यांचा सल्ला घेऊ लागले. धावत्या इंजिनाखाली रेल्वेच्या रुळांत किती ताण निर्माण होतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. रूळ म्हणजे खडीच्या लवचिक गादीवर अखंड पसरलेली तुळई, या दृष्टीने त्यांनी या प्रश्नाकडे पाहिले.

1917 च्या क्रांतीने हे सारे उधळून लावले. 1918 मध्ये ते कीव्हला परतले आणि व्लादिमीर व्हर्नाद्स्की यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या युक्रेनियन विज्ञान अकादमीच्या पहिल्या सदस्यांत सामील झाले. अकादमीची यांत्रिकी संस्था त्यांनी उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु यादवी युद्धात शहर एका सैन्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात होते. तिमोशेन्को दक्षिणेकडे निघाले, काळ्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले आणि तेथून सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या नव्या राज्यात गेले. मागे राहिलेल्या कुटुंबाला नंतर बाहेर काढावे लागले. झाग्रेब येथील तंत्रसंस्थेत त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. स्थानिक भाषा येत नव्हती. तेव्हा रशियन वाक्यांत जमतील तितके क्रोएशियन शब्द घालून ते शिकवत आणि विद्यार्थी समजून घेत.

या धामधुमीतच 1921 मध्ये इंग्लंडच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांचा अवघ्या तीन पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुळईच्या वाकण्याचा जुना सिद्धांत अठराव्या शतकापासून चालत आला होता. वाकताना तुळईचा प्रत्येक छेद तिच्या अक्षाशी काटकोनातच राहतो, असे तो मानी. पत्त्यांचा जोड वाकवला की पत्ते एकमेकांवरून सरकतात. तुळईच्या आतही काहीसे तसेच थर सरकू पाहतात आणि त्यामुळे हा काटकोन थोडा बिघडतो. लांब, सडपातळ तुळईत हा फरक नगण्य असतो. पण आखूड, जाड तुळईत किंवा वेगवान कंपनांत तो दुर्लक्षून चालत नाही. छेदाच्या फिरण्याचा परिणाम रॅले यांनी आधीच हिशेबात घेतला होता. तिमोशेन्को यांनी घेतलेल्या उदाहरणात या सरकण्याची दुरुस्ती त्याच्या चौपट भरली. आज मोटारीचा सांगाडा, विमानाचा पंख किंवा उंच इमारत यांचे संगणकावर विश्लेषण होते, तेव्हा त्या प्रणालींत ‘तिमोशेन्को तुळई’ नावाचा घटक हटकून असतो.

येथे एका न्यायाची नोंद करायला हवी. या सिद्धांतात भौतिकशास्त्रज्ञ पॉल एरनफेस्ट यांचाही वाटा होता आणि 1916 च्या आपल्या रशियन ग्रंथात तिमोशेन्को यांनी तो मान्य केला होता. 1921 च्या इंग्रजी निबंधात मात्र तो उल्लेख आला नाही आणि जगाने एकच नाव लक्षात ठेवले. अलीकडच्या संशोधकांनी ही बाब पुढे आणली असून सिद्धांताला दोघांचे नाव द्यावे, असा आग्रह धरला आहे.

1922 मध्ये तिमोशेन्को अमेरिकेत उतरले, तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. प्राध्यापकपद नव्हते आणि इंग्रजी अडखळत होते. फिलाडेल्फियात एका रशियन अभियंत्याच्या छोट्या कंपनीत त्यांनी यंत्रांच्या कंपनांवर काम केले आणि पुढच्याच वर्षी ते वेस्टिंगहाउस कंपनीत गेले. अमेरिकेतील कारखाने अवाढव्य होते; परंतु तेथील तरुण अभियंत्यांचा गणिताचा पाया कच्चा असल्याचे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी कंपनीतच स्थितिस्थापकतेवर व्याख्याने सुरू केली. यंत्रांच्या कंपनांवरील ज्यांचे पुस्तक पुढे भारतातही अभ्यासले गेले, ते डेन हार्टोग वेस्टिंगहाउसमध्ये त्यांच्याच सहवासात घडले. तापमान वाढताच वाकणाऱ्या दोन धातूंच्या जोडपट्टीचे गणित तिमोशेन्को यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केले. घरातली विजेची इस्त्री ठरावीक उष्णतेला आपोआप बंद होते, ती अशाच पट्टीच्या करामतीने.

1927 मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले आणि त्यांच्या जीवनकार्याला खरा आकार आला. अभियांत्रिकी यांत्रिकी या विषयात पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण त्यांनी तेथे उभे केले. उन्हाळी सुटीत निरनिराळ्या महाविद्यालयांचे अध्यापक आणि कारखान्यांतले अभियंते त्यांच्या वर्गांना येऊ लागले. नामवंत अभ्यासक तेथे व्याख्याने देत. गुडियर, डॉनेल यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः अधिकारी संशोधक झाले. 1936 मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि तेथेही हाच क्रम चालू राहिला. कारखान्यातला प्रश्न विद्यापीठात यावा, विद्यार्थ्याने तो गणित आणि प्रयोग यांच्या साहाय्याने सोडवावा आणि उत्तर पुन्हा कारखान्यात जावे, ही परंपरा अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

या वर्गांतूनच त्यांची पुस्तके तयार झाली. 1928 मध्ये कंपनांवरील ग्रंथ, 1930 मध्ये पदार्थांच्या बळावरील दोन भाग, 1934 मध्ये स्थितिस्थापकता, 1936 मध्ये स्थैर्य आणि 1940 मध्ये पत्रे व कवचे. त्यांची मांडणी साधी असते. आधी प्रत्यक्षातला प्रश्न, मग त्याची आकृती, मग लागेल तेवढेच गणित आणि शेवटी आकड्यांतले उत्तर. विद्वत्तेचे प्रदर्शन कुठेच नाही. 1953 मध्ये त्यांनी गॅलिलिओपासूनच्या संशोधकांची परंपरा सांगणारा या शास्त्राचा इतिहासही लिहिला. 1957 मध्ये अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने त्यांच्या नावाचे पदक सुरू केले आणि पहिले पदक त्यांनाच दिले.

1958 मध्ये, जवळपास चार दशकांनंतर, त्यांनी मायदेशाला भेट दिली. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. तेथील तंत्रसंस्थांत फिरून त्यांनी अभियांत्रिकी शिक्षणाची पाहणी केली आणि त्यावर पुस्तक लिहिले. ज्या राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला, तिच्याविषयी त्यांच्या मनात प्रेम असण्याचे कारण नव्हते. तरीही तेथे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या गणित व विज्ञानाच्या भक्कम पायाचे श्रेय त्यांनी नाकारले नाही. आपण परक्या देशात टिकलो ते या पायाच्या जोरावर, अशी त्यांची धारणा होती. उतारवयात ते जर्मनीतील वुपरताल येथे मुलीकडे राहायला गेले आणि 29 मे 1972 रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

सूत्र पाठ करून परीक्षा पार पाडण्याची सवय आपल्याकडे काही नवी नाही. ज्यांच्या पुस्तकांतून ही सूत्रे पाठ केली जातात, त्या तिमोशेन्कोंचे आयुष्य मात्र वेगळेच सांगते. नोकरी गेली, देश गेला, भाषाही बदलावी लागली. नव्या देशात त्यांच्याबरोबर आला तो फक्त मुळापासून समजून घेतलेला विषय. त्याच्याच आधारावर त्यांनी पुन्हा उभारणी केली आणि जगभरच्या अभियंत्यांना त्यात सामावून घेतले. ग्रंथालयातली ती पिवळी पाने पुढच्या वेळी उघडताना एवढे आठवले तरी पुरे.