आनंदीबाई : निकालात निघालेले, न उलगडलेले रहस्य

रहस्यकथेच्या वाचकाला अखेरच्या पानावर गुन्हेगार हवाच असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि लोकांनी तो आनंदीबाईंच्या माथी मारला. राघोबादादांच्या आज्ञापत्रात त्यांनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा पिढ्यानपिढ्या चवीने ऐकली, वाचली गेली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र दोषी ठरवले ते खुद्द राघोबांना. राघोबा परागंदा झाले, तेव्हा गर्भवती आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात आश्रय घेतला. जानेवारी १७७५ मध्ये तिथेच दुसरे बाजीराव जन्मले. १७९४ मध्ये आनंदीबाई निवर्तल्या. अक्षर बदललेले ते पत्र इतिहाससंशोधकांच्या हाती आलेले नाही. वाचकांनी दिलेला निकाल मात्र आजही कायम आहे.