डॉ. तालीमेरेन आओ

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. स्वतंत्र भारताचे पथक प्रथमच अशा सोहळ्यात चालत होते, आणि ध्वज धरून अग्रभागी होता नागा टेकड्यांतील एक वैद्यकीय विद्यार्थी. फुटबॉल संघाचा तोच कर्णधार. त्या तालीमेरेन आओ यांचा परिचय आमच्या विद्यार्थी वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस फार दिवस वाटत होते.

चांगकी या खेड्यात २८ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. कुटुंब मोठे, प्राप्ती बेताची. चेंडू विकत घेण्याची ऐपत नसल्याने चिंध्यांचा चेंडू करून मुले खेळत. शेते कापून झाली की आमच्या गोव्यातील पोरेही अनवाणी पायांनी कसा खेळ मांडतात, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. १९३५ साली वडील विषमज्वराने वारले. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. ती मागे राहिली. तिचा भार मुलाने आपण होऊन उचलला.

जोरहाट व गुवाहाटी येथील शिक्षण संपवून ते कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९४३ पासून मोहन बागान क्लबाकडून खेळू लागले. त्या काळी दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी संघाची मांडणी असे. आओ खेळत ती जागा सेंटर हाफची, म्हणजे आज ज्याला मिडफिल्डर म्हणतात त्याची. प्रतिस्पर्ध्याची चढाई मोडायची आणि त्याच पायाने आपली चढाई सुरू करून द्यायची, असे हे दुहेरी काम. गोल करणाऱ्याचे नाव प्रेक्षकांच्या ओठांवर राहते, ह्या माणसाचे क्वचितच. आओ यांचे राहिले, यावरून त्यांच्या योग्यतेची कल्पना यावी.

३१ जुलै रोजी इलफर्ड येथे भारताची गाठ फ्रान्सशी पडली. आपले बहुतेक खेळाडू बूट न घालता उतरले होते. फ्रान्सने प्रथम गोल केला, सारंगपाणी रामन याने तो फेडला, आणि खेळ संपावयास एकच मिनिट उरले असता फ्रान्सने दुसरा गोल केला. हार २-१ अशी झाली. मिळालेल्या दोन पेनल्टी आपण वाया घालविल्या होत्या; तेव्हा दोष अनवाणी पायांना देणे आम्हांस तरी न्याय्य वाटत नाही.

त्याच सुमारास आर्सेनल या प्रसिद्ध इंग्लिश क्लबाने त्यांस आपल्याकडे खेळण्यासाठी बोलाविले होते आणि त्यांनी नकार दिला, असे सांगतात. अंतिम परीक्षा व्हावयाची होती. ते परत आले. १९५० साली, तिशी उलटल्यावर, त्यांस एम.बी.बी.एस. ही पदवी मिळाली. खेळापायी अभ्यासाची वर्षे लांबली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे अभ्यासाने खेळही मागे घेतला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला हरवून सुवर्णपदक जिंकले. लंडनला मन्ना ज्यांच्या हाताखाली खेळले, ते आओ त्या संघात नव्हते.

काही काळ दिब्रुगढला काम करून १९५३ साली ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. तेथे ना प्रेक्षक, ना जयघोष. दुर्गम डोंगर, तुटपुंजी साधने आणि लवकरच भडकलेली सशस्त्र अशांतता, अशा प्रदेशात त्यांनी वैद्यकी केली. १९६३ साली नागालँड राज्य झाले. त्याच्या आरोग्य खात्याचे संचालकपद भूषवून १९७८ साली ते निवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. गुवाहाटीच्या ज्या कॉटन महाविद्यालयात ते शिकले, तेथील क्रीडागृहास आज त्यांचे नाव आहे.