गावाला खराटा देणारे गाडगेबाबा



बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका गरीब परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मामाच्या घरी वाढला. तिथे त्याने गुरे राखली, शेती केली. शाळेत काही तो गेला नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात आले की कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचे. एकटा म्हातारा झाडतोय हे बघून एकेक जण हात लावायचा. काम केल्याशिवाय ते कुणाची भाकर खात नसत. मग रात्री झाडलेल्या जागेवरच कीर्तन! कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हे ते साध्या वऱ्हाडी बोलीत पटवून द्यायचे.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. तिथे गोरगरिबांना आसरा मिळाला. बाबा स्वतः मात्र झोपडीतच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. २००० साली शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

आता आमची गोष्ट. आमच्या गावच्या समाजमंदिरात कडबा आणि जळण भरलेले असते. गेल्या जयंतीला आम्ही मुलांनी त्याचा ओटा झाडला. काही मोठी माणसे पारावर बसून नुसती बघत होती. मला फार राग आला. पण घरी गेल्यावर आठवलं, बाबासुद्धा आधी एकटेच झाडायचे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आपणहून ओट्यावर सडा टाकून गेल्या.

येत्या जयंतीला आम्ही पुन्हा झाडणार आहोत. पालकहो, तुम्ही पण या. येताना घरचा खराटा घेऊन या, कारण शाळेत दोनच आहेत.