घोड्याची गोष्ट लिहिणाऱ्या ॲना स्यूएल

जगात पुष्कळ थोर माणसे होऊन गेली. कोणी लढाया जिंकल्या, कोणी शोध लावले. मी ज्यांची माहिती लिहीत आहे, त्यांनी एकच पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'ब्लॅक ब्युटी'. गुरुजींनी वर्गात ती गोष्ट सांगितली तेव्हा सगळी मुलं गप्प बसली होती.

ॲना स्यूएल यांचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंड देशात ग्रेट यारमथ या समुद्रकाठच्या गावी झाला. वडिलांचे नाव आयझॅक व आईचे नाव मेरी. फिलिप हा धाकटा भाऊ. वडिलांचा धंदा नीट चालत नसे, म्हणून सारखी गावे बदलावी लागत. लहानपणी आईच दोघांना घरी शिकवायची. आई मुलांसाठी कविताही लिहायची.

ॲना १४ वर्षांची होती. शाळेतून घरी येताना पाऊस आला म्हणून ती पळत सुटली आणि पाय घसरून पडली. दोन्ही घोटे दुखावले. ते पुन्हा कधी बरे झालेच नाहीत. जन्मभर तिला धड चालता आले नाही. कुठे जायचे तर घोडागाडीच लागे. मोठेपणी त्या स्वतः गाडी हाकून वडिलांना स्टेशनवर पोचवायच्या. त्या चाबूक मारत नसत, घोड्याशी बोलत बोलत गाडी हाकीत.

त्या काळी इंग्लंडात घोड्यांचे फार हाल होत. घोड्याची मान ऐटदार दिसावी म्हणून एक आखूड लगाम ताणून बांधत. त्यामुळे घोड्याला मान खाली घेता येईना आणि चढावर जोर लावता येईना. त्याचा श्वास कोंडायचा. ॲनाबाईंना हे पाहवत नसे. ज्यांच्या पायांवर आपण फिरतो त्यांचेच हाल व्हावेत, याचे त्यांना वाईट वाटे.

१८७१ साली त्या फार आजारी पडल्या. तेव्हा त्या नॉरविच शहराजवळ ओल्ड कॅटन गावी राहत. अंथरुणावरच त्यांनी पुस्तक लिहायला घेतले. हातात बळ असेल त्या दिवशी त्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने लिहीत. नसेल त्या दिवशी तोंडाने सांगत आणि म्हातारी आई लिहून घेई. मग आई सगळे चांगल्या अक्षरात उतरवून काढी. असे मायलेकींनी मिळून पुस्तक पुरे केले. त्याला सहा वर्षे लागली.

या पुस्तकात काळा घोडा स्वतःच आपली हकिकत सांगतो. त्याला कितीदा विकतात. कोणी मालक मायाळू, कोणी निर्दय. जिंजर नावाची त्याची मैत्रीण घोडी काम करून करून मरते. तिथे मला रडू आले.

२४ नोव्हेंबर १८७७ रोजी पुस्तक छापून आले. पाचच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी ॲनाबाई वारल्या. त्यांच्या अंत्ययात्रेच्या घोड्यांचे ते ताणलेले लगाम आईने सोडायला लावले, असे सांगतात. पुढे पुस्तक जगभर गेले. ते वाचून लोक त्या लगामाच्या विरुद्ध बोलू लागले आणि हळूहळू तो वापरणे कमी झाले.

आता मला एक खरे सांगायचे आहे. आबा मला बैलगाडी हाकायला देतात, तेव्हा मी पराणी टोचायचो. गाडी जोरात पळाली की मज्जा वाटायची. गोष्ट ऐकली त्या दिवशी घरी जाऊन मी ढवळ्याची पाठ बघितली. आरीचे बारीक बारीक डाग होते. त्यातले काही माझेच असणार. मी हात फिरवला तर तो नुसता कान हलवून उभा राहिला. त्याला बोलता आले असते तर त्याने माझे नाव सांगितले असते.

तेव्हापासून मी पराणी हातात धरत नाही. आबांना सांगायला मला भीती वाटते, म्हणून इथे लिहिले आहे. पालक सभेला ते येतील तेव्हा वाचतील. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, मग दुसऱ्या दिवशी टोचू नये. मुलांनो, तुम्हीसुद्धा आपापल्या बैलाची पाठ बघा.